भाड्याचा काळा गाऊन

मित्रांनो, मला तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणार. तुमच्या ताईच्या नाहीतर दादाच्या फोटोत मी असतो. डोक्यावर चौकोनी टोपी, हातात रिबीन बांधलेली कागदाची गुंडाळी, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत मी. काळा, चकचकीत आणि भाड्याचा. सानपाडा, नेरूळ, खारघरच्या कितीतरी घरांत टीव्हीच्या वर मी फ्रेममध्ये टांगलेला आहे. मुलं निरनिराळी, गाऊन मात्र एकच.

भिवंडीच्या मागावरून आलेल्या कापडातून आम्ही साठ भावंडं एका आठवड्यात शिवून निघालो. शिवणाऱ्याने कुणाचंच माप घेतलं नव्हतं. लहान, मध्यम आणि मोठा, एवढंच. मी मोठा निघालो. सानपाड्याच्या हौसेरावांनी आम्हाला विकत घेतलं. त्यांचं पोशाख भाड्याने द्यायचं दुकान आहे. तिथे माझ्या एका बाजूला मावळ्याचा अंगरखा टांगलेला असायचा आणि दुसऱ्या बाजूला फॅन्सी ड्रेसमधलं वांगं. सुरुवातीला मला फारशी मागणी नव्हती. गळ्याला पांढरी पट्टी लावली की मी वकील, डोक्यावरून ओढला की मी भूत.

मग दहावीच्या निरोप समारंभाला शाळा 'ग्रॅज्युएशन डे' म्हणू लागल्या आणि माझे दिवस पालटले. हौसेराव आम्हाला इस्त्री करू लागले. गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे शिक्षणाचे कपडे आहेत, शेठ. वांग्याच्या दांडीवर नाही टांगत मी." आम्हाला वेगळं कपाट मिळालं. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू? आपण ज्याच्या अंगावर जातो त्याची शाळेत किंमत असते, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत जवळच्याच एका शाळेने आम्हा साठही जणांना नेलं. गुरुवारी वर्गात वाटप झालं. सुनीती टीचर वर्गशिक्षिका. पूर्वपरीक्षेत नव्वद टक्क्यांच्या वर असलेल्यांना आधी बोलावलं, त्यांना गाऊनवर सोनेरी पट्टा. मग ऐंशीच्या वरचे, त्यांना चंदेरी. मग उरलेले. त्यांना पट्टा नाही, आणि माप निवडायची सोयही नाही. ज्ञानेश्वरी अगदी शेवटी आली. वर्गात सगळ्यांत बुटकी ती, आणि तिच्या वाट्याला सगळ्यांत लांब मी.

"टीचर, हा मोठा होतोय."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे गं. उचलून धर."

तिला त्रेसष्ट टक्के होते. पण मित्रांनो, तिच्याकडे एक गोष्ट अशी होती, जी साठांत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. पहिलीपासून दहावीपर्यंत ती एकही दिवस गैरहजर राहिली नव्हती. त्यासाठी शाळेने एक ढाल ठेवली होती. छापील कार्यक्रमपत्रिकेत ओळ होती, 'दहा वर्षे शंभर टक्के उपस्थिती : कु. ज्ञानेश्वरी सयाजी शेडगे'. शुक्रवारच्या रंगीत तालमीची हजेरी लागली की हिशेब पुरा होणार होता.

तुर्भ्याला तिची एका खोलीची जागा. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आई राजाबाई तिथेच कांदा निवडायला जाते. राजाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि मला मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत मला मांडीवर कुणी घेतलं नव्हतं.

"आगं, ह्येच्यात पाय अडकून पडशील की स्टेजवर," ती म्हणाली. "उभी ऱ्हा. हालू नको."

"आई, टीचर म्हणाल्या उचलून धर."

"ढाल घ्यायची का गाऊन धरायचा? दोन हात हायेत तुला."

शाळेने ग्रॅज्युएशनची फी घेतली होती. पावतीवर 'गाऊन व फोटो' असं लिहिलं होतं. राजाबाईने फी भरली होती, म्हणजे गाऊन आपला झाला. तिच्या जागी कुणालाही असंच वाटलं असतं. नुसती दुमडली तर खालची कड फुगेल म्हणून तिने वीतभर कापड कापलं आणि हाताने तुरपाई घातली. टाके इतके बारीक, की मलाच दिसेनात. टाके घालता घालता तिची टकळी चालू होती.

"लॉकडाउनात शाळा मोबाइलवर भरायची. तुझा बाप फोन घरी ठेवून कामावर जायचा. टोळीतले हमाल शिव्या घालायचे, सयाजी फोन उचलत न्हाई म्हणून." तिने दोरा तोडला. "आनि तुझा आजा गेला तवा आमी रातोरात साताऱ्याला गेलो, तुला शेजारी ठिवून. म्हातारा शेवटी तुझंच नाव घेत होता म्हनं. ती ढाल त्येच्या फोटोपाशी ठिवायची बघ."

ज्ञानेश्वरीला आजाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. ती तेव्हा सातवीत होती आणि त्या दिवशी तिने वर्गात 'प्रेझेंट' म्हटलं होतं.

उरलेल्या पट्टीचा राजाबाईने छोटा बटवा शिवला. "परीक्षेचं पेन आनि हॉल तिकीट घाल ह्येच्यात. शाळेचं कापड हाय, लाभंल."

शुक्रवारी साडेसातला ती शाळेत पोचली. मी तिच्या अंगावर नीट बसलो होतो, घोट्याच्या जरा वर. क्षिप्रा नावाची सोनेरी पट्टेवाली मुलगी पहिल्यांदा हसली. "ए, हिचा बघा, मिनी गाऊन." रांग वळून बघू लागली. सुनीती टीचरांनी कड उलटून पाहिली.

"हे कुणी केलं?"

"आईने, टीचर."

"गाऊन भाड्याचे आहेत, सर्क्युलरमध्ये स्पष्ट लिहिलंय. तुमच्याकडे कुणी वाचत नाही का?"

सर्क्युलर इंग्रजीत होतं. ज्ञानेश्वरीने ते वाचलं होतं, पण शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत गेली नव्हती. ते तिने सांगितलं नाही.

"कापलेला तुकडा कुठाय?"

"घरी."

"जा, घेऊन ये. जोडून आण. फोटोत सगळ्यांची लेव्हल सारखी आली पाहिजे."

"टीचर, हजेरी..."

"आधी जा तू."

ती मला दप्तरात कोंबून सानपाड्याहून तुर्भ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली. आई कामावर गेली होती. शेजारणीकडून किल्ली घेतली. बटव्याचे टाके दाताने तोडले आणि पट्टी मला परत जोडायला बसली. तिने आजवर साधं बटणही लावलेलं नव्हतं. सुई दोनदा तिच्या बोटात गेली आणि कितीतरी वेळा माझ्यात. मी काळा, म्हणून रक्त दिसलं नाही.

ती परत आली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. हजेरी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये लागते आणि साडेआठला ते अ‍ॅप बंद होतं.

"टीचर, मी साडेसातला आले होते. तुम्हीच पाठवलंत."

"मला माहितेय गं. पण सिस्टिमला माहीत नाही ना." टीचर पाहुण्यांच्या हारांची यादी बघत होत्या. "आता उघडायचं तर ऑफिसला अर्ज द्या, प्रिन्सिपल मॅडमची सही आणा. आज कोण बसलंय त्याला? आणि चूक कुणाची? मी कापला का गाऊन?"

दुसऱ्या कुणाला आठवण राहिली नसती तर कदाचित निभावलंही असतं. पण बक्षिसांची यादी ऑफिसातून तपासून आली आणि दहा वर्षांच्या रकान्यात अनुपस्थितीचा एक 'अ' निघाला. दुपारी तीनशे कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा वर्गात आला. त्यातली एक ओळ मार्करने खोडायची होती.

"ज्ञानेश्वरी, तू बस ह्याला. बाकीच्यांना डान्सची प्रॅक्टिस आहे. आणि तुझ्यावर सोपवलं की मला टेन्शन नसतं."

मित्रांनो, ती बसली. रिकाम्या वर्गात, मला अंगावर घालून, कारण जोडलेली कड नीट बसावी म्हणून गाऊन घालूनच ठेव, असं टीचरांनी सांगितलं होतं. पत्रिका उघडायची, स्वतःच्या नावावर रेघ ओढायची, मिटायची. पहिल्या पन्नासांत ती दर वेळी आपलं नाव वाचत होती. पुढे सवय झाली. काम ती नेहमीच नीट करायची. एकही रेघ वाकडी गेली नाही. शाई ओली असताना पान मिटू नये म्हणून ती प्रत्येक पानावर फुंकर मारत होती. माझ्या बाहीला मार्करचा वास लागला, तो अजून गेलेला नाही.

घरी जाताना तिने मला शाळेतच ठेवलं. घरी ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या दारात राजाबाई जोडलेली कड बघून म्हणाली, "ह्ये कुनी केलं?" तेव्हा ज्ञानेश्वरीने झटकन उत्तर दिलं.

"सगळ्यांचे सारखे पाहिजेत म्हणून शाळेनेच जोडून दिलं."

"काय त्ये टाके! शाळेला शिवायला येत न्हाई व्हय," असं म्हणून राजाबाई मागच्या रांगेत जाऊन बसली. सयाजीने अर्ध्या दिवसाची हजेरी सोडली होती आणि नवा सदरा घातला होता.

समारंभ झकास झाला. प्रत्येक मुलासाठी टीचरांनी लिहून दिलेलं निवेदिका वाचत होती. सोनेरी पट्ट्यांना तीन-तीन ओळी होत्या, उद्याची शास्त्रज्ञ, जन्मजात नेता वगैरे. शेवटच्या मुलांपर्यंत येईतो टीचरांचे शब्द संपले असावेत. एकोणीस मुलं सलग 'हसतमुख' निघाली. ज्ञानेश्वरीही हसतमुख. तिने गुंडाळी घेतली. आत कोरा कागद होता, खरं प्रशस्तिपत्रक निकालानंतर मिळणार होतं. फोटोवाला म्हणाला, "बेटा, स्माइल." ती हसली.

तिच्या नावाची ढाल स्टेजवरच्या टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. माझी कड त्या खोक्याला घासून गेली.

मग राष्ट्रगीत झालं. लोक निघाले. राजाबाई पुन्हा खाली बसली. पत्रिका तिने मांडीवर धरली होती आणि एका काळ्या रेघेवर ती नख घासत होती. रेघेखाली उजेडात अक्षरं दिसत होती.

"चल आता," सयाजी म्हणाला. "खुर्च्या गोळा करायला लागली मान्सं."

"थांबा हो. आजून बाकी असंल."

"आई, चल ना." ज्ञानेश्वरी तिचा हात ओढू लागली. "नंतर देणार आहेत. चल."

तेवढ्यात समोरून सुनीती टीचर आल्या. राजाबाई पत्रिका पुढे करून उभी राहिली.

"बाई, आमच्या पोरीचं ऱ्हायलं का?"

ज्ञानेश्वरी टीचरांकडे बघत होती. तिची मान हलत नव्हती, पण डोळे 'नको, नको' म्हणत होते. टीचर थकल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं नाही. किंवा पाहिलं.

"अहो, तिची काल गैरहजेरी लागली. म्हणून कॅन्सल झालं."

"काल? काल तर ती दिवस उगवायला गेली की."

"गाऊन कापला ना तुम्ही? तो जोडायला तिला घरी जावं लागलं. तोवर हजेरी झाली. सर्क्युलर वाचत जा हो. एवढी दहा वर्षांची मेहनत पोरीची."

राजाबाईने पत्रिकेची घडी केली. आणखी एक केली. घडी पुढे होईना तेव्हा ती थांबली. मग खाली वाकून तिने माझी कड हातात धरली आणि ते वेडेवाकडे टाके एकेक करून बोटाने चाचपले. आता तिला कळलं की ते कुणाचे आहेत.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला झोप लागली नसती," ज्ञानेश्वरी म्हणाली.

खराब झालेला गाऊन पालकांनी स्वतः दुकानात पोचवावा, असं शाळेने सांगितलं. सोमवारी सकाळी मायलेकी मला घेऊन हौसेरावांकडे आल्या. त्यांनी मला काउंटरवर पसरलं आणि चष्मा वर केला.

"मी कापला, साहेब," राजाबाई लगेच म्हणाली. "पोरीचा काय दोष न्हाई. माझ्या हातानं कापला."

"राहू द्या हो. बालवाडीला चालेल." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "काय गं, दहावीचे सरावाचे वर्ग चालू असतील ना? आज शाळा नाही?"

"आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "गेले नाही."

एवढंच म्हणाली ती. राजाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. आजारपणात, सुतकात, भर तापात जिने पोरीला शाळेत धाडलं, त्या आईच्या तोंडून त्या सकाळी 'जा' हा शब्द निघाला नव्हता.

त्या गेल्यावर हौसेरावांनी जोडलेली पट्टी कातरून टाकली आणि मला आणखी आखूड केलं. आता मी सिनिअर केजीच्या मुलांना जातो. तिथे सगळ्यांना पदक मिळतं. डबा संपवतो म्हणून, छान झोपतो म्हणून, रडत नाही म्हणून. ती मुलं माझ्या बाहीला नाक पुसतात आणि टोपी चावतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या आया समोर बसून रडतात, हसतात आणि मोबाइल उंच धरतात. त्या पोरांपैकी पुढे सोनेरी कोण आणि हसतमुख कोण, हे अजून कुणी ठरवलेलं नसतं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी कापड आहे, फाटलो तर दुसरा शिवतील. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी शिक्षक व्हाल, कुणी ऑफिसात बसाल, कुणाच्या हातात हजेरी असेल. तेव्हा एखादं मूल धापा टाकत उशिरा दारात आलं, तर घड्याळाकडे बघण्याआधी त्याच्या बोटांकडे बघा. सुई टोचलेली असेल.