खाचांचा नॉब

"नॉब जाम झालाय," गिटारवाला म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने गिटार मांडीवर घेतली आणि आवाजाचा नॉब एका बोटाने फिरवला. लोण्यासारखा फिरला.

"कुठे जाम आहे, दादा?"

उभी हयात गिटारवाल्याने ऑर्केस्ट्रात काढली होती. वाजवता वाजवता करंगळीने आवाज कमी-जास्त करायचा, हे त्याला श्वासासारखं झालेलं. अलीकडे मात्र करंगळी नॉबवरून नुसती घसरायची, जणू दुसऱ्याच कुणाचं बोट हाताला चिकटवलंय. मालकाच्या कानावर गेलं तर दुसरा गिटारवाला यायला वेळ लागणार नव्हता. त्याहून धास्ती होती ती डॉक्टर काय सांगेल याची. घरीही त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

"तरी मोठा बसव एखादा. खरखरीत."

दुरुस्तीवाल्याने डबा उपसून जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा जाडजूड, खाचांचा नॉब काढला, दांड्यावर बसवून स्क्रू आवळला. "आता बोटाचं कामच नाही. तळव्याच्या कडेनेही फिरेल." मग हळूच म्हणाला, "पण हात दाखवून घ्या."

"हाताला काय धाड भरलीय!" गिटारवाला खेकसला आणि हात खिशात कोंबून बाहेर पडला.

संध्याकाळी तालमीला मालक समोरच खुर्ची टाकून बसला होता. गायिका सूर उचलणार, त्याआधी गिटारचा आवाज खाली यायला हवा. गिटारवाल्याने तळव्याची कड नॉबला लावली. आवाज अलगद उतरला. मालकाने मान डोलावली.

सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तारांचा आवाज बदलला. त्याने खाली पाहिलं. तार छेडायची पिक पायाशी पडली होती. बोटांतून कधी निसटली, त्याला कळलंच नव्हतं. उरलेलं गाणं त्याने अंगठ्यानेच रेटलं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्या शेजारी बसला आणि उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"काय हो?"

"चिमटा काढ. अंगठा सोडून कुठल्याही बोटाला."

"वेड लागलंय का?"

"काढ म्हणतो ना."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले. वाट पाहिली.

"अगं, काढ ना."

बायकोने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"काढला," ती म्हणाली.