एका फरशीची जागा

फरशी बसवणाऱ्याचं अर्धं आयुष्य उकिडवं जातं. टाचा जमिनीला, गुडघे छातीशी आणि नजर ताणलेल्या दोरीवर. ज्याची ही गोष्ट, त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायला गवंडी लोखंडी गुण्या लावतात, तो याला लागत नसे. एक डोळा बारीक करून कोपऱ्याकडे बघायचा आणि सांगायचा, "केसभर बाहेर आहे." परदेशात आल्यावर आईबापांनी ठेवलेलं नाव कागदावर राहिलं, माणसांच्या तोंडी गुण्याच बसला.

तर हा गुण्या जिन्यावरून पडला. उंचावरून पडता तर त्यात काही रुबाब तरी होता. खांद्यावर फरश्यांचं खोकं, पायाखाली ओली पायरी, आणि शेवटच्या दोनतीन पायऱ्या राहिल्या असताना पाय सटकला. खोकं त्यानं पोटाशी धरलं. फरशी एकही फुटली नाही, गुडघ्याची वाटी तेवढी फुटली.

"फरशी वाचवून गुडघा फोडलास," त्याच्या खोलीत राहणारा रंगारी इस्पितळात म्हणाला. "मुकादमाला विचार, बक्षीस देतो का."

ऑपरेशन झालं. वाटीत तार घातली. हाड छान सांधलं, डॉक्टर खूश झाले. काठी आली, मग काठीही सुटली. मुकादम भला माणूस, त्यानं गुण्याला गोदामात खुर्ची दिली: येणारी-जाणारी खोकी बघायची, बस्स. पण गुडघा खुर्चीत बसण्याइतका वाकायचा आणि तिथंच थांबायचा. पुढे रेटला की डोळ्यांपुढे काजवे.

"काटकोनात अडकला," रंगारी म्हणाला. "नावाला जागलास बाबा."

गुण्या हसला, पण हसू ओठांवरच राहिलं.

व्यायाम घ्यायला इस्पितळात एक बाई होत्या. भाषा निम्मी कळायची, उरलेली रंगारी कळवायचा. बाईंनी विचारलं, "चालता येतं, जिना चढता येतो, खुर्चीत बसता येतं. मग अडचण कसली?"

"ह्याला खाली बसायचंय."

"खाली कुठं?"

आता हे कसं सांगायचं? शेवटी रंगारी स्वतःच उकिडवा बसला. बाईंनी नवलानं बघितलं, आपणही तसं बसून पाहिलं, आणि टाचा टेकवायला गेल्या तशा मागच्या मागे कोलमडल्या. सगळेच हसले. मग मात्र बाई गंभीर झाल्या. गुडघा दोन्ही हातांत धरून त्यांनी हळूहळू दाबून बघितला आणि म्हणाल्या, "प्रयत्न करू. शब्द देत नाही."

हा शब्द गुण्याला कामासाठी तर हवाच होता, पण त्याहून जास्त घरासाठी. घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि तो परदेशी निघाला. जमीन खडबडीत सिमेंटचीच राहिली. फरशी त्यानं जाण्याआधीच स्वतः निवडून आणली होती, उन्हात सुकलेल्या मातीच्या रंगाची. खोकी भिंतीला लावून ठेवलेली. नवराबायकोत ठरलं होतं, या जमिनीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. पण दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं. कधी छप्पर गळायचं, कधी आईचं आजारपण, आणि सुट्टी संपायची. बायकोनं खोक्यांवर सतरंजी घातली. फोन आला की तिथंच बसून बोलायची. म्हणायची, "तुमच्या फरशीवर बसलेय. बोला."

एवढं ऐकलं की गुण्याचा जीव भांड्यात पडायचा. आपलं काम तिथं राहिलंय, म्हणजे आपणही तिथं थोडे राहिलोय.

पडल्याचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं. फोनवर चेहरा तेवढा दाखवायचा. पण जिनं इतकी वर्षं संसार केला, तिच्यापासून काय लपतंय?

"अहो, साहेब झालात का?" एका सुट्टीच्या दुपारी ती म्हणाली. "फोनवर बोलायला भिंतीला टेकून खाली बसणारा माणूस तुम्ही. हल्ली बघावं तेव्हा मागे खुर्चीची पाठ!"

"जमीन गार असते इथली."

"बरं. काम कुठं चाललंय? दाखवा तरी."

इथं गुण्या चुकला. दुसऱ्या दिवशी व्यायामाला गेला, तेव्हा त्यानं इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्याची फरशी फोनवर तिला दाखवली. "बघ, ही मीच बसवलेली."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "फोन जरा त्या कोपऱ्याकडे न्या. आणखी खाली. ही तुमच्या हातची नाही."

"म्हणजे?"

"तो कडेचा तुकडा बघा, उंदरानं कुरतडल्यासारखा. असा तुकडा बसवला असता तर रात्रभर झोपला नसतात तुम्ही. लग्न झाल्यापासून तुमच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवलाय मी. खरं सांगा, कुठं आहात?"

तेवढ्यात मागून एक चाकाची खुर्ची गेली. लपवायला काही उरलं नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं आधी विचारलं, "दुखतं का?" आणि मग, "मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय? तू काय उडत येणार होतीस?"

"नसते आले. पण तुम्ही तिथं कण्हत होतात आणि मी इथं हसतखेळत जेवत होते. ते मला कसं वाटेल?"

गुण्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिला.

"घरी या," ती म्हणाली.

"गुडघा दुमडल्याशिवाय नाही यायचा. येऊन काय करू? खुर्चीत बसून खोकी बघू? ते तर इथंही करतोय."

तिनं फोन ठेवला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिचाच फोन आला. सतरंजी बाजूला होती आणि एक खोकं उघडं.

"मी बसवते. तुम्ही सांगा."

"हात लावू नकोस!" गुण्या इतक्या जोरात ओरडला की रंगाऱ्याच्या हातातला चहा सांडला.

"का? तुमचा गुडघा आणि ही खोकी, दोघांची वाट बघत म्हातारी होऊ?"

गुण्याच्या तोंडात आलं होतं, की बाई, ती फरशी झाली म्हणजे तिकडं माझं काय उरलं? मग कशाच्या नावानं मला बोलावशील? पण असलं बोलायची सवय कुणाला असते! त्यानं खुर्ची पुढे ओढली.  मग म्हणाला, "आधी दोरी बांध. दारापासून. आणि फरश्या आधी मालाशिवाय, कोरड्याच मांडून बघ."

दर सुट्टीच्या दुपारी मग हेच. तिकडं फोन पाण्याच्या डब्याला टेकवलेला, इकडं गुण्या खुर्चीत पुढे वाकलेला.

"माल फार पातळ केलास."

"तुमच्या वेळी असाच करत होते. तेव्हा गोड लागायचा."

"पाणसळ ठेव. बुडबुडा मध्ये आला का?"

"आला. जावयासारखा बरोबर मध्ये बसलाय."

"वहिनी, कोपरा केसभर बाहेर गेलाय हं!" रंगारी मागून डोकावायचा.

"भाऊजी, तुम्ही आपल्या भिंती बघा."

फरशी बसली की ती थापीच्या दांड्यानं ठोकायची. गुण्या डोळे मिटून ऐकायचा.

"पोकळ वाजतेय. डावीकडचा कोपरा. उचल."

तिनं उचलली. खाली माल खरंच कमी पडला होता.

"इतक्या लांबून कळलं?"

"कळतं."

"मग मी फोन ठेवल्यावर रडायचे, ते कसं नाही कळलं?"

ती हे सहज म्हणाली, माल पसरता पसरता. गुण्याला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

इकडं व्यायाम चालूच होता. बाई त्याला कठडा धरून उकिडवं बसायला लावायच्या, टाचेखाली टॉवेलची घडी ठेवायच्या आणि घडी रोज जराशी पातळ करायच्या. पण एका ठिकाणी येऊन तीही थांबली. टाच टेकेना. बाई म्हणाल्या, आता याच्यापुढे वर्षही लागेल, कदाचित नाहीच होणार. गुण्या मान हलवून बाहेर आला आणि त्या कुरतडलेल्या तुकड्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला.

मग एका दुपारी तिनं फोन हातात घेऊन सगळं घर दाखवलं. उन्हात फरशी पाण्यासारखी सपाट दिसत होती. गुण्याची नजर सांध्यांवरून धावत गेली आणि दाराजवळच्या भिंतीशी अडली. तिथं एक चौकोन उघडा होता. चहा प्यायला तो बसायचा ती जागा.

"एक राहिली," तो म्हणाला.

"राहिली नाही. ठेवलीय."

"अगं, गुडघा नाही दुमडत. बाईंनी सांगितलंय."

"तर? पाय लांब करून बसवा. आडवे पडून बसवा. माल मी कालवते. एका फरशीला उकिडवं बसायला कशाला लागतं?"

 तिनं मग त्या उघड्या चौकोनात फोन उताणा ठेवला. गुण्याला घराचं छप्पर दिसलं, फळीचा कोपरा दिसला, दारातून आलेल्या उजेडाची पट्टी दिसली. तिथं बसून मान वर केली की हेच दिसायचं. ती शेजारीच बसली असावी. दिसत नव्हती, बांगड्या वाजल्या, कप फरशीवर टेकल्याचा आवाज आला. खणखणीत, भरीव.

"चहा घेतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही बसा निवांत."

गुण्यानं फोन हातात धरून खुर्ची सोडली. पलंगाचा लोखंडी पाय पकडला, धड पाय दुमडला, दुखरा पुढे केला, आणि दात आवळून तो भिंतीला टेकत टेकत जमिनीपर्यंत पोचला.

रंगारी दारातून आत आला आणि धावलाच. "अरे, परत पडलास की काय!"

"पडलो नाही. बसलोय," गुण्या म्हणाला. पाय समोर सरळ पसरला होता, काठीसारखा. "उद्या माझ्याबरोबर मुकादमाकडे रजा मागायला चल. माझ्या घरी एक फरशी राहिलीय."