सोनगीरचा तांब्या समुद्रावर गेला

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा तांब्या पाहिलाही नसेल. पितळेचे गोल पोट, वर आट्यांचे झाकण आणि धरायला कडी. झाकण फिरवून घट्ट बसवले की गाडी कितीही हिंदकळो, पाण्याचा थेंब सांडत नाही.

धुळ्याजवळच्या सोनगीर गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी, पुना तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच गावातल्या पुष्पाचे लग्न ठरले होते. मुलगी लांब रावेरकडे, केळीच्या बागा असलेल्या घरात चालली होती. तिच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि तिच्या हातात देत म्हटले, "लांबनी वाट शे बेटा, पानी संगे ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून मी पुष्पाबाईंचा सोबती झालो. बागेत घड उतरवताना मी बांधावर असे. एस.टी.त, लग्नकार्याला, मुलाच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकाखाली, मी सगळीकडे गेलो. गाडीतली अनोळखी माणसे पाणी मागत आणि पिऊन झाल्यावर म्हणत, "काय गार पाणी आहे हो!" माझी छाती अभिमानाने फुगून येई.

पुढे मुलाला जळगावात नोकरी लागली आणि बिऱ्हाड पिंप्राळ्याला आले. सून कामिनी मोठी कामसू. तिने प्रत्येकासाठी प्लॅस्टिकची हलकी बाटली आणली. मी माळ्यावर गेलो. आट्यांवर हिरवे कीट चढले, झाकण घट्ट बसून गेले. वर्षानुवर्षे मला कोणी हात लावला नाही. खाली पाण्याचा नळ वाजे, तेव्हा फार उदास वाटे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र पुष्पाबाईंनी मला खाली उतरवायला लावले. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी मुंबईहून जहाजाने गोव्याला जायचे ठरवले होते. पुढाकार प्रेमराजभाऊंचा. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसणाऱ्या पुष्पाबाईंनी सगळ्यांच्या आधी नाव दिले, म्हणून मंडळींना नवल वाटले.

कारण फक्त घरच्यांना ठाऊक होते. पुष्पाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. कडेचे दिसणे हळूहळू मिटत चालले होते. समोरचे दिसे, पण बाजूला बसलेला माणूस अंधारात गेल्यासारखा वाटे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची, असे डॉक्टर मेघाताईंनी सांगितले होते. सहलीहून परतल्यावर लगेच शस्त्रक्रिया ठरली होती.

"अहो," मला चिंचेने घासता घासता त्या पतीला, तोतारामनानांना म्हणाल्या, "ऑपरेशनचं काय होईल ते होईल. त्याच्या आधी एकदा समुद्र पाहून घेते. जन्मात पाहिला नाही."

 नानांनी माझे झाकण जोर लावून उघडले आणि माझ्यात पाणी भरले.

बस निघाली. नाना आणि कामिनीही सोबत होते. धुळ्याला पुष्पाबाईंचा धाकटा भाऊ दीपक आणि त्याची बायको हेमांगी चढले. नाशिकपर्यंत गाणी, चिवडा, थट्टामस्करी. मुंबईत शिरलो आणि प्रेमराजभाऊंचा फोन वाजला. अरबी समुद्रात वादळ उठले होते. बंदरातून एकही जहाज सुटणार नव्हते. केव्हा सुटेल, ते कंपनीलाही सांगता येईना.

दादरच्या एका धर्मशाळेत आम्ही उतरलो. बाहेर पाऊस नुसता झोडपत होता, चौपाटीवरही कोणाला जाऊ देत नव्हते. एक दिवस गेला, दुसराही गेला. मंडळी कंटाळली. कोणाला वेचणीला आलेल्या कापसाची काळजी, कोणाला घरची.

शेवटी प्रेमराजभाऊ म्हणाले, "हे बघा, आपलं बुकिंग एकत्र आहे. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर परत फिरू. पुढच्या वर्षी येऊ की."

पुष्पाबाईंनी मला मांडीवर घट्ट धरले होते.  तरी त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी कोणी अडू नका. फिरू या परत."

तोच दीपक उठला. "आक्का, तू काब्रं बोलत नहीं? का लपवतेस?" मग तो मंडळींकडे वळला. "भाऊ, पुढच्या वर्षी तिला समुद्र दिसंल की नाही, आम्हाला माहीत नाही. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

  मग बेबाबाई, ज्यांनी कालपासून परत जायचा धोशा लावला होता, त्याच उठल्या आणि पुष्पाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. "आधी सांगायचं ना ग. रोज सोबत फिरतो आपण," त्या म्हणाल्या. "आता जहाज सुटेपर्यंत मी इथून हालत नाही."

पण खरा पेच पुढेच होता. इतके थांबले तर शस्त्रक्रियेची तारीख चुकणार होती. नानांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून मेघाताईंचा आवाज आला, "नाना, चार-पाच दिवसांनी काही बिघडत नाही. तारीख मी पुढे घेते. फक्त डोळ्यांत थेंब टाकायचं चुकवू नका. आणि आजींना समुद्र नीट दाखवा."

नानांनी फोन ठेवला आणि उपरण्याने तोंड पुसले. कामिनीने थेंबांची बाटली आपल्या पर्समध्ये ठेवून घेतली.

वादळ ओसरले. निरोप आला आणि आम्ही बंदरावर पोचलो. तिथे सामान तपासण्याच्या यंत्रातून मी गेलो आणि मोठा गोंधळ झाला. पितळेच्या पोटात काय आहे ते यंत्राला दिसेना.

"हा डबा उघडा," पहारेकरी म्हणाला. पण दमट हवेने झाकण पुन्हा अडकले होते. नाना थकले, दीपक थकला. रांग खोळंबली.

"मावशी, इथेच ठेवून जा. आत बाटल्या मिळतात."

मला वाटले, संपले सगळे. तेवढ्यात कामिनी पुढे आली. हो, तीच कामिनी! "ठेवायचा नाही, दादा. माझ्या सासूबाईंच्या वडिलांनी दिलेला तांब्या आहे तो." तिने पदर झाकणाभोवती गुंडाळला, मला पोटाशी धरले आणि सगळी ताकद लावून पिळले. करकर आवाज झाला आणि झाकण सुटले. पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिले आणि तो हसला. आत पाणी होते, दुसरे काही नाही.

संध्याकाळी जहाजाने मोठा भोंगा दिला. किनारा मागे पडला. सगळे वरच्या डेकवर आले. कामिनीने पुष्पाबाईंना कठड्यापाशी नेले.  त्या कितीतरी वेळ मान डावीकडे वळवीत, उजवीकडे वळवीत राहिल्या. दीपकला राहवेना.

"आक्का, दखाय ऱ्हायनं का?"

"हाव, भाऊ, दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. "घरात कडेची माणसं हरवतात रे. आठे पाण्यावर काहीच हरवत नहीं. जिकडं पाहावं तिकडं समुद्रच."

नानांनी माझ्यातले पाणी त्यांना दिले. मग बेबाबाई प्यायल्या, प्रेमराजभाऊ प्यायले, आणि कितीतरी वर्षांनी ते शब्द माझ्या कानावर पडले, "काय गार पाणी आहे हो!"

परतल्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली, तपासणी झाली आणि मेघाताई म्हणाल्या, "होती तेवढी नजर टिकली आहे." नाना दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. ते रडणे सुटकेचे होते. आता पुष्पाबाई रोज सकाळी बेबाबाईंचा हात धरून तलावाला फेरी मारतात.

मित्रांनो, मी पितळेचा आहे. घासले की मी पुन्हा चकाकतो. डोळ्यांचे तसे नसते. म्हणून तुमच्या घरातले कोणी वाटेत ठेचकाळत असेल, बाजूला ठेवलेला कप त्यांच्या हातून सांडत असेल, तर त्यांच्यावर रागावू नका. वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि निवांत वेळ काढून त्यांना विचारा, "तुम्हाला काय पाहायचं राहिलंय?" उत्तर येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहा.