काकांनी आणलेली रॅम

माघ महिन्यापर्यंत माझ्या कॉम्प्युटरची रॅम सहा हजारांच्या वेगाने चालत होती. खोक्यावरही तेवढंच लिहिलेलं होतं. खोक्यावर लिहिलेलं खरं निघण्याचा आमच्या घरातला तो पहिलाच प्रसंग. मग शिमग्याला हरिश्चंद्रकाका मुंबईहून आले आणि येताना माझ्यासाठी आणखी दोन रॅम घेऊन आले. दोनाच्या चार झाल्या आणि वेग आला छत्तीसशेवर.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे भाऊ. वडील गेल्यावर आमच्या घराचा भार त्यांनी परळच्या एका खोलीत राहून उचलला, आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या मते कुठलीही वस्तू दोनाऐवजी चार असली की काम दुप्पट होतं. या हिशेबाने एका तव्यावर चौघांनी मिळून घावन घातले तर ते चौपट लवकर व्हायला हवेत. त्यातून काकांच्या रॅमना रंगीत दिवे होते. रोज संध्याकाळी ते माझ्यामागे खुर्ची टाकून बसत आणि कॉम्प्युटरच्या बाजूच्या काचेतून लुकलुकणाऱ्या आपल्या भेटीकडे, बारशाला आलेला पाहुणा पाळण्यात डोकावतो तसे, कौतुकाने बघत.

इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. पुण्याच्या एका अॅनिमेशन स्टुडिओने मला चाचणीचं काम दिलं होतं: खडकावर फुटणारी लाट. मांडवीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला लाट काही कोणी शिकवायला नको. पण पडद्यावरच्या लाटेचा प्रत्येक थेंब कॉम्प्युटरकडून मोजून घ्यावा लागतो, आणि तिथे रॅमचा वेग लागतो. सोमवारी सकाळपर्यंत लाट पोचली तर नोकरी, तीही घरी बसून. नाही पोचली तर साहेबांच्या हातापाया पडून काकांनी त्यांच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली होतीच. दिवसभर पावत्या टाइप करायच्या आणि रात्री काका-काकूंच्या मधोमध उशी टाकायची. या सुखाचं वर्णन काका रोज जेवताना करत.

दुखणं कुठे आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वेगवेगळ्या जोड्यांच्या चार रॅम एकत्र बसवल्या की मदरबोर्ड कच खातो आणि सगळ्यांनाच सावकाश चालवतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन जबरदस्तीने सहा हजार केले, तर लाट खडकापर्यंत पोचायच्या आत मशीन बंद. उपाय अगदी सोपा होता. काकांच्या दोन काढायच्या.

"काढू नको गो," आई म्हणाली. "माणूस वर्षातनं दोनदा येतो. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची वस्तू काढून ठेवायची?"

आमच्याकडे मुंबईहून आलेली वस्तू काढत नाहीत. काकांनी आणलेलं घड्याळ कधीच बंद पडलंय, तरी ते भिंतीवर आहे आणि वेळ आम्ही मोबाइलवर बघतो.

म्हणून मी बाकी सगळं करून पाहिलं. बायोस नवा टाकला, रॅमच्या जागा अदलाबदल केल्या. शेवटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून रितेशला बोलावलं. त्याने मशीनला हात न लावताच सांगितलं, "व्हायरस आहे. फॉरमॅट मारूया." घराचं छप्पर गळत असलं तरी रितेश फॉरमॅट मारेल. काकांनी त्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, "बघ गो रुपाली, शिकलेला माणूस एका नजरंत वळखतो."

शनिवारी पालखी आमच्या अंगणात आली. पालखी आली की घरच्या अडचणी देवाला सांगून गाऱ्हाणं घालायचं. ते मानकरी धोंडूआजोबा घालतात आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. काका त्यांच्या कानाला लागले. मला वाटलं, काकूच्या गुडघ्यांसाठी असेल.

"बा देवा म्हाराजा," धोंडूआजोबांनी आवाज लावला, "आज हरिश्चंद्राच्या पुतणीच्या मशीनीचा वेग कोनीतरी आडवलाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तो घरचा असो, भायेरचा असो, त्याला तिच्या वाटंतनं दूर कर, नि पोरीचा काम तडीस ने!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.

देवाची, मानकऱ्यांची आणि खुद्द काकांची परवानगी मिळाल्यावर आणखी कोणाला विचारायचं? मी आत गेले, मशीन बंद केलं, काच काढली आणि काकांच्या दोन्ही रॅम उपटल्या. पुन्हा चालू केलं. सहा हजार! मी लाट सुरू करून दिली.

मागे काका उभे होते, कपाळभर गुलाल.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

"नि दिवे का लागत नायत?"

मी मूठ उघडून दाखवली. काका त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिले. तुमची रॅम चांगलीच आहे, फक्त जोडी जमत नाही, असं मी भरभर सांगू लागले. देवाची परवानगी मिळाल्याचा सगळा तोरा एका क्षणात उतरला आणि मला स्वतःची लाज वाटली.

"म्हंजे आडवणारा मीच," काका म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं. पण स्क्रीनवर लाट खडकावर चढायला लागली होती आणि आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो.

रविवारी संध्याकाळी लाट पूर्ण फुटली आणि मी ती पाठवून दिली. निकाल कळायला आठवडा जाणार होता. काकांना तेवढा धीर कुठला? मुंबईच्या गाडीला निघण्यापूर्वी त्यांनी ओटीवर उभं राहून साहेबांना फोन लावला.

"साहेब, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. आमची पोर येत नाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाय, नोकरी लागली असा नाय. लागंल, न लागंल. पण तिच्या वाटंत आता मी नको."

माझ्या हाती अजून नोकरी नव्हती, आणि आता परळची जागाही नव्हती. निर्णय घेतील तर असा, मला एका शब्दाने न विचारता! मी चांगलं खडसावायचं ठरवून ओटीवर गेले, आणि त्यांची पिशवी उचलून रिक्षापर्यंत चालू लागले.