चेपलेला रेग्युलेटर

हळू बोलतो हं, प्रितेशला ऐकू जायला नको. मी एका जुन्या मोटारीतला पेट्रोलचा प्रेशर रेग्युलेटर बोलतोय. बेसनाच्या लाडवाएवढा पत्र्याचा डबा मी, आणि जीव त्याहून लहान. पोटात एक स्प्रिंग आणि रबराचा पातळ पडदा. इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल पुढे जाऊ द्यायचं, जास्तीचं मुकाट टाकीत परत पाठवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझ्या दोन वाट्या एकमेकींवर ठेवून करंजीसारखी मुरड घातली. ती मुरड सुटली की मी संपलो, आणि माझ्याबरोबर आणखी कोण कोण, याचा नेम नाही.

निर्मळ गावात हरेश्वरकाकांकडे मी सुखात होतो. चढ आला की काका गाडीला म्हणत, "दमानं बाय, दमानं." ते गेले आणि चावी त्यांच्या मुलाकडे, प्रितेशकडे आली. प्रितेश सातिवलीला नोकरी करतो. पोरगा सोन्यासारखा, पण मोबाईलवर काही पाहिलं की त्याचे हात शिवशिवतात.

एका रविवारी त्याने पाहिलं की रेग्युलेटर चेपला की स्प्रिंग आवळते, प्रेशर वाढतं, गाडी पळते. झालं! मला उपटून त्याने पडवीतल्या वाइसच्या लोखंडी जबड्यांत धरलं आणि दांडा फिरवला. आई गं! मुरडीत कुठेतरी बारीक 'टक्' झालं. ते फक्त मी ऐकलं.

मग तपासणी. सायकलच्या पंपाने त्याने माझ्यात हवा भरली, तसा पंपावरचा काटा चढला.

"बघ रीमा, किती धरतोय!" तो बायकोला म्हणाला.

"धरतोय ते ठीक, पण कुठून सोडत तर नाही ना?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

अरे बाबा, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा एकदा मला बादलीत बुडव! मी जीव तोडून ओरडत होतो. पण पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतं?

तिन्हीसांजेला गाडी अंगणात, तुळशीसमोर उभी होती. मला परत बसवून प्रितेशने बॉनेट आपटलं. "चला, राजोडीच्या समुद्रावर चक्कर मारून येऊ," म्हणत रीमाला आणि छोट्या लेकीला, मीराला, आत बसवलं आणि चावी फिरवली. पेट्रोल माझ्यात घुसलं आणि मुरड उसवली. आधी थेंब, मग धार. ओघळ उताराने थेट तुळशीकडे निघाला. प्रितेशच्या हातांना दुपारपासून पेट्रोलचाच वास, त्याला वेगळं काय कळणार! तो मजेत ॲक्सिलरेटर दाबत होता.

तेवढ्यात घरातून त्याची आई, हंसाकाकू, बाहेर आल्या. एका हातात पेटता दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. माझी तर पाचावर धारण बसली. मागच्या सीटवर मीरा टाळ्या वाजवत होती. मी धार आवरू गेलो तर ती आणखीच सुटली. काकू पायरी उतरल्या. अहो, नका येऊ! नका येऊ!

काकू थबकल्या. नाक वर केलं. गर्रकन वळून पायरी चढल्या आणि दिवा फुंकून टाकला.

तुळशीचा दिवा! ज्या बाईने जन्मात कधी दिव्यावर फुंकर घातली नाही, जी 'विझला' असं तोंडातूनही काढत नाही, तिने.

"अहो आई, दिवा फुंकलात?" रीमा गाडीतून ओरडली.

"देवाचं मी देवाशी बघून घेईन! पोरीला घेऊन उतर आधी. प्रितेश, गाडी बंद कर! पेट्रोल वाहतंय!"

प्रितेशने गाडी बंद केली, उतरून ओघळ पाहिला, तुळस पाहिली, आईच्या हातातला दिवा पाहिला. मग मीराला मांडीवर घेऊन पायरीवर बसला. बराच वेळ तिला त्याने उतरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅप्टिस्ट नावाच्या मेकॅनिकने नवा रेग्युलेटर बसवला. मला काकूंनी खिडकीत ठेवलं, पोराला मी रोज दिसावं म्हणून. हल्ली त्या न लावलेला दिवा घेऊन अंगणात येतात, उभ्या राहून वास घेतात, मगच काडी ओढतात.

आज सकाळी प्रितेशने मला उचललं. दुसऱ्या हातात मोबाईल.

"चेपायचं नव्हतंच मुळी," तो पुटपुटला, "भोक पाडून बोल्ट लावायचा, म्हणजे हवी तेवढी स्प्रिंग आवळता येते."

आता मी त्याच्या खिशात आहे. हंसाकाकू, तुमच्या पाया पडतो, आज नुसता अंगणाचा वास घेऊन भागायचं नाही. आधी पोराचा खिसा बघा.