एका पदार्थाला एक वीत

“एका दिवशी एकच पदार्थ शिकायचा. दोन शिकलीस तर भिंतीला झेपायचं नाही,” असं सुनेत्राची आई सांगायची. आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण सुनेत्राने पदर खोचून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा तोच आवाज, तितकाच सावकाश, तिच्या कानाशी आला.

घर सोडून जाणारं माणूस स्वयंपाक शिकायला लागलं, की एका पदार्थाला एक वीत अशी स्वयंपाकघराची भिंत आत येते. फलटणला त्यांच्या आळीत याचं कुणाला नवल वाटत नसे. समोरच्या शेंड्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा चहा, खिचडी आणि ऑम्लेट एवढ्यावरच त्याने आवरतं घेतलं. तीन वितींनी शेंडेकाकूंचं फडताळ जे तिरकं झालं, ते अजून तिरकंच उभं आहे.

सुनेत्राने एक्केचाळीस वर्षांत चहासुद्धा केला नव्हता. आळस म्हणून नव्हे. तिला कुणी करूच दिला नव्हता. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिची वहिनी, कालिंदी, घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. दिवसकार्य आटोपलं आणि वहिनीने देवापुढे पाणी सोडून नेम धरला: वन्सं जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. तेव्हापासून तिने तो मोडला नव्हता. हॉटेलातलं त्यात धरत नसत, उभ्याने खाल्लेलंही नाही. एकदा निवडणुकीच्या कामावर सुनेत्राने चार बटाटेवडे खाल्ले आणि घरी येऊन पोट भरलंय म्हणाली. “वडा म्हणजे जेवण नव्हे,” असं म्हणून वहिनी तो दिवस पाण्यावर राहिली.

आता सुनेत्राला दहिवडीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नेमलं होतं. अकरा वर्षं तिने त्या खुर्चीची वाट पाहिली होती. तिथे एकटीनेच राहायचं होतं. तिने तिथे स्वतः शिजवून खाल्लं नाही तर इथे वहिनी उपाशी राहणार, हे इतकं सरळ होतं की त्यावर घरात वाद असा झालाच नाही. फक्त दादाने एकदा विचारून पाहिलं.

“डबा लावू की. चांगले डबे मिळतात आता.”

“डब्यातलं कुणाच्या हातचं, काय सांगावं,” वहिनी म्हणाली.

“मग सोड तो नेम. देव काही रागवायचा नाही.”

“उद्यापनाशिवाय नेम सुटतो होय? वन्संच्या लग्नात करणार होते उद्यापन. यांनी लग्नच केलं नाही.”

“आलं का शेवटी माझ्यावर!” सुनेत्रा म्हणाली.

“मग कुणावर येणार? तीन स्थळं तर माझ्या माहेरची होती.”

नऊ वर्षांच्या नणंदेला वहिनीने पहिल्या दिवशी अहोजाहो केलं होतं, ते आजतागायत तसंच होतं. ‘तुम्ही’ म्हणूनच ती टोमणे मारायची आणि ‘तुम्ही’ म्हणूनच ताप आला की पाय चेपायची.

हजर व्हायला पंधरा दिवस होते. वहिनीने दहा पदार्थ काढले. दादा भूमापनाच्या कचेरीत कामाला होता. त्याने टेप लावून स्वयंपाकघराची रुंदी मोजली. नऊ फूट, म्हणजे बारा विती. दहा गेल्यावर दोन उरणार होत्या.

“एक माणूस उभं राहील फक्त,” तो म्हणाला.

“एकच तर राहणार आहे,” वहिनी म्हणाली, आणि तिने सुनेत्राच्या हातात तांदळाची रोवळी दिली.

पहिला दिवस भाताचा. तांदूळ किती वेळा धुवायचे, पेराच्या कुठल्या रेघेपर्यंत पाणी, वाफ कधी कोंडायची. सुनेत्राने सगळं वहीत लिहून घेतलं. भात झाला, नैवेद्य दाखवला, आणि भिंत ट्रंक सरकवल्यासारखा आवाज करून एक वीत आत आली. दुसऱ्या दिवशी वरण, तिसऱ्या दिवशी पिठलं. फ्रिज सोप्यात गेला. डब्यांची मांडणी जिन्याखाली गेली. दादा रोज सकाळी टेप लावून आकडा सांगायचा, आणि वहिनी “बरं” म्हणायची.

खरी अडचण मिठाची होती. त्या घरात नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव बघत नसे. मीठ हाताच्या अंदाजानेच पडायचं.

“चिमटीत धरा आणि डोळे मिटा,” वहिनीने सांगितलं. “जेवणारी माणसं डोळ्यांपुढे आणा. हात आपोआप थांबतो.”

“तिथे तर मी एकटीच असणार.”

वहिनीने स्वतःची चिमूट मिठाच्या बरणीवर धरून पाहिली. “एका माणसाचं मीठ मलाही येत नाही हो,” ती म्हणाली. “मी कधी एकीपुरतं शिजवलंच नाही. बघू, दोघी मिळून काढू.”

चौथ्या दिवशी आमटी होती. वहिनी देवघरात फुलं वाहत होती. सुनेत्राला मिठाची खात्री वाटेना, म्हणून तिने पळीच्या टोकाची आमटी जिभेला लावली. मीठ बरोबर होतं. पण त्या दिवशी भिंत जागची हलली नाही. चव बघितलेलं शिकण्यात धरत नसत.

सुनेत्राने हे कुणाला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आत सरकलेल्या भिंतीतली ती खिडकी आता परसातल्या हौदावर उघडत नव्हती. तिच्यातून एक उघडा माळ दिसत होता आणि लांबवर दहिवडीच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर. तिने मागे पाहिलं. वहिनी पाटावर बसून चिंच कोळत होती. तिच्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत सात-आठ विती जागा होती. सुनेत्राने मनात उरलेले पदार्थ मोजले, आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशीही पळी जिभेला लावली. रोज सुनेत्रा ‘बिघडली’ म्हणून आमटी गाईच्या दोणीत ओतायची, आणि वहिनी न बोलता दुसरी टाकायची. जेवणं दोन वाजेपर्यंत लांबायची.

“भिंत थांबली बघ,” दादा खूश होऊन म्हणाला. “चांगल्या विटांचं बांधकाम आहे आपलं.”

आठव्या दिवशी वहिनी देवघरात गेली, पण तिने घंटा वाजवली नाही. सुनेत्राने पळी खाली ठेवली तेव्हा ती दारातच उभी होती.

“वन्सं, हनुवटी पुसा.”

सुनेत्राने हनुवटी पुसली.

“चार दिवस देव बिचारा दोन वाजता जेवतोय,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. “मीठ चुकलं का होतं?”

“नाही.”

“मग?”

“अजून सात शिकले तर तू इथे मावणार नाहीस.”

“नाहीच मावणार.”

“तुला चालेल?”

“मला विचारून भिंत येते का?” वहिनीने तिच्या हातातून पळी घेतली, धुतली आणि परत दिली. “तुम्ही इथेच राहिलात तर मी रोज वेळेवर जेवीन. पण तो घास मला गिळता आला पाहिजे ना? अकरा वर्षं तुमची कागदपत्रं मी देवापुढे ठेवत आले. करा पुन्हा आमटी.”

सुनेत्राने आमटी केली. डोळे मिटले, चिमटीत मीठ धरलं. एकट्या माणसाचा चेहरा समोर येईना. मग तिने स्वतःला पाठमोरी पाहिलं, बुटक्या ओट्यापुढे उभी, वेणी जरा विस्कटलेली, आणि हात थांबला. भिंत आत आली. वहिनीने ताटातली आमटी भुरकली.

“एकीचं आलं,” ती म्हणाली. “आपल्या तिघांना अळणी लागतंय, म्हणजे बरोबर आलं.”

त्यानंतर एक दिवस वाया गेला नाही. कोशिंबीर, उसळ, थालीपीठ, कढी, लोणी कढवणं. मोड आले नाहीत की सुनेत्रा पहाटे उठून फडकं पुन्हा बांधायची. कढी फुटली तेव्हा दिवस मावळायच्या आत तिने दुसरी उतरवली. बोटं दोनदा भाजली. तिने त्यांना मध लावला आणि फोडणीची वेळ वहीत दुरुस्त केली. सातव्या पदार्थाला वहिनीचा पाट उंबऱ्याबाहेर गेला. आठव्याला तिला आत वाकता येईना. नवव्याला दारही निमुळतं झालं आणि चौकटीतून वहिनीचा अर्धा चेहरा तेवढा दिसू लागला: एक डोळा, एक कुडी, कुंकू पूर्ण.

चौदाव्या दिवशी भाकरी होती. दाराची आता नुसती फट उरली होती. वहिनीने त्यातून कोपरापर्यंत हात आत घातला. बाकीची वहिनी बाहेर होती.

“पीठ गरम पाण्यात मळा. अजून. तळहाताला लागेनासं होईपर्यंत.”

“झालं.”

“आता कडेकडेने थापा. मधे नाही, कडेला. भाकरी स्वतः फिरली पाहिजे, तुम्ही नाही.”

वहिनीचा हात सुनेत्राच्या हातावर आला आणि दोन्ही हात मिळून थापू लागले. परातीत भाकरी फिरली. पहिल्या दोन मोडल्या. तिसरी तव्यावर गेली, तिला वरून पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली. ती हळूहळू फुगायला लागली. पूर्ण फुगायच्या आत फटीतला हात घाईने सुनेत्राच्या मनगटाभोवती आवळला.

“वचन द्या मला.”

“काय?”

“जिथे शिजवाल तिथेच ताट मांडायचं आणि बसून जेवायचं. उभ्याने चार घास कोंबायचे नाहीत. मला इथे कळेल. तुम्ही बसलात की मी बसेन.”

“दिलं.”

“शप्पथ नको घालायला ना?”

“नको. दिलं म्हणजे दिलं.”

“मुख्याध्यापकीण बाई,” वहिनी म्हणाली, आणि हात मागे गेला. भाकरी टम्म फुगली. फट मिटली. तिथे चुना लावलेली गुळगुळीत भिंत होती.

सुनेत्राने भाकरी उतरवली, वहिनीने फळीवर बसवून दिलेल्या देवाला नैवेद्य दाखवला आणि खिडकीतून पाहिलं. माळावर ऊन होतं. खिडकीशेजारी एक दार होतं आणि दारात दहिवडीचे घरमालक किल्ली घेऊन उभे होते.

“आलात का बाई? पाण्याची वेळ सकाळी सात.”

“बाकीच्या खोल्या?” तिने विचारलं.

“येतील की. दिवाळीपर्यंत येतात. झोपायला वरची गच्ची आहे, कुणी नाही म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर झाली. खुर्चीवर बसली, तीन सह्या केल्या, शिपायाला घंटेची दोरी बदलायला सांगितली. दुपारच्या सुट्टीत ती घरी आली. एका माणसाचं पिठलं टाकलं, एका माणसाचं मीठ घातलं, दोन भाकऱ्या थापल्या. फळीवरच्या देवाला नैवेद्य दाखवला. ताट वाढलं.

मग ती बसायला गेली आणि बसता येईना. ओटा आणि भिंत यांच्यात दोन विती होत्या. तिने बादली बाहेर ठेवली. परात बाहेर ठेवली. आडवी होऊन पाहिलं, गुडघे वळवून पाहिले. उभ्या माणसाची जागा उभ्या माणसाचीच होती. दाराबाहेर घरमालकांची ओसरी मोकळी होती, सारवलेली, सावलीची. तिने तिकडे एकदा पाहिलं, पण शिजवलं इथे होतं; ती ताट हातात घेऊन उभी राहिली.

भिंतीपलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला. मग रिकामं ताट जमिनीवर ठेवल्याचा. मग बांगड्यांचा, मांडीवर हात ठेवून वाट पाहणाऱ्या माणसाच्या बांगड्या जेवढ्या वाजतात तेवढाच.

सुनेत्राने ताट ओट्यावर ठेवलं आणि भिंतीला हात लावून पाहिला. ती कोमट होती. बोट टेकवलं तिथे किंचित दबली.

सुट्टी संपायला पंचवीस मिनिटं होती. तिने घड्याळ काढून खुंटीला अडकवलं, पदर खोचला, तळहात ओला केला आणि भिंत भाकरीसारखी कडेकडेने थापायला सुरुवात केली.