तांबडा काटा

मी मूठमाप्या बोलतोय. हे नाव आहारतज्ज्ञ व्हायला निघालेल्या मुलींनी ठेवलेलं. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावर नुसता क्रमांक होता. मी मुठीचा जोर मोजतो: मला मुठीत धरून दाबलं की माझे दोन काटे धावतात. काळा लगेच परततो. तांबडा मात्र जोर संपला तिथेच थांबतो, कुणीतरी शून्यावर आणेपर्यंत. म्हणून माझी झोपही वेगळीच: शेवटच्या हाताची ऊब धरून मी कपाटात पडतो, आणि स्वप्नातही तोच हात मला धरून असतो.

कुपोषण ओळखायला शिकवताना मॅडम म्हणायच्या, "नुसत्या वजनावर विसंबू नका गं. हाडकुळा माणूस कुणालाही कळतो. भरल्या अंगाचा चकवतो. पोषण घटलं की मुठीचा जोरही घटतो, तो मोजा."

एका दुपारी मला गडबडबाईनं उचललं. वर्गात तिला सगळ्या हेच म्हणत. रुग्णालयातल्या खाटेवर गुबगुबीत काकू, शेजारी त्यांची लेक.

"काकू, असं दाबायचं हं," म्हणत तिनं आधी स्वतःच मला दाबलं. तांबडा अठ्ठावीसवर. तसाच मला काकूंच्या हातात दिला. ती मूठ पिसासारखी होती. काळा जरासा हलला, तांबडा जागचा हलला नाही.

"अठ्ठावीस! वजनही झकास. उद्या खुशाल घरी जा," म्हणत तिनं कागदावर 'पोषण उत्तम' लिहिलं.

मला ओरडायचं होतं. पण यंत्राला कुठला गळा!

लेक हसली. "अहो ताई, आईला बाटलीचं झाकण उघडत नाही. अठ्ठावीस म्हणजे पैलवानच की!"

"तू उघडू देशील तर ना," काकू पुटपुटल्या. "महिनाभर घास उतरत नाही, एवढंच."

गडबडबाईचा चेहरा उतरला. तिनं तांबडा शून्यावर आणला. पुन्हा मोजलं. अकरा. मग काकूंच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. वजन भरत होतं ते अंगात साठलेलं पाणी. लिहिलेलं खोडून तिनं 'तीव्र कुपोषण' लिहिलं आणि डॉक्टरांना गाठायला धावली.

तीन आठवड्यांनी सूज ओसरलेल्या काकूंनी मला दाबलं. सतरा. "आण गं ती बाटली!" त्या लेकीवर डाफरल्या.

आता माझी स्प्रिंग थकलीय. गडबडबाई स्वतःच मॅडम झालीय, पण मला मोडीत जाऊ देत नाही. मुलींनो, दुसऱ्याचा हात हाती घ्याल तेव्हा आपला जोर आधी पुसून टाका. बाकी माझं काही मागणं नाही. कपाट बंद होतं, डोळा लागतो, शेवटचा हात कुणाचाही असो, आता स्वप्नात काकूंची ती पिसासारखी मूठच पुन्हा येते, आणि तांबडा काटा एकेक घर पुढे सरकत राहतो.